करप्याच्या हाताचा गुण

करपा हा खरं तर पानांवरचा रोग. पान कडेनं तपकिरी पडत जातं, मग फांदी, मग सगळं झाडच हातचं जातं. पण त्या रोपवाटिकेत कुणी "करपा आला रे!" म्हणून ओरडलं, की औषधाची बाटली शोधायला कुणी धावायचं नाही. जो तो आपापली कुंडी उचलून आत न्यायचा. कारण हा करपा दोन पायांवर चालायचा, त्याच्या वरच्या खिशात स्क्रूड्रायव्हर असायचा आणि तो घरचा जावई होता.

नाव ठेवलं धाकट्या मेहुणीनं. लग्नाला पंधरवडा झाला नव्हता, तोच तिच्या खिडकीतला निवडुंग मेला. निवडुंग, बरं का! महिनाभर विसरून गेलं तरी जो रागावत नाही, तो. नव्या भावोजींनी त्याच्याकडे जरा लक्ष दिलं, एवढंच निमित्त झालं. मग जिन्याखालचं नेचं गेलं, बायकोनं जिवापाड जपलेलं लिंबाचं रोप गेलं, आणि सासऱ्यांनी विकायला काढलेल्या टोमॅटोच्या रोपांचा अख्खा ट्रे आठवड्यात माना टाकून मोकळा झाला.

आता या माणसाच्या हातात विष होतं की काय? छे हो! माणूस पंपमिस्त्री. यंत्र खोलून बघितल्याशिवाय त्याच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही, हा त्याचा धंदा. तीच नजर तो झाडाला लावायचा. रोप लावलं की तिसऱ्या दिवशी त्याला राहवायचं नाही. हळूच माती उकरायची, रोप वर काढायचं, मुळं फुटली का ते उजेडात धरून बघायचं, फुंकर मारायची आणि परत होतं तसं बसवायचं. वर ओंजळभर पाणी. अशी तपासणी तीनदा झाली की झाड बिचारं जगायचा नाद सोडून द्यायचं.

सासऱ्यांची गोष्ट नेमकी उलटी. चाळीस वर्षं रोपं वाढवण्यात गेलेली. हाताला असा गुण की मोडलेली फांदी नुसती खोचली तरी तिला पालवी फुटायची. झाडांशी ते अगं-अरे करायचे आणि जावयाशी अहो-जाहो. "अगं, ऊन लागतंय का गं तुला?" हे कोबीच्या रोपाला. आणि "जावईबापू, एवढी कृपा करा, झारीला हात लावू नका," हे जावयाला. मान सगळा द्यायचा, झारी द्यायची नाही, असा कारभार अकरा वर्षं चालला होता. करपा मोटारी दुरुस्त करायचा, पाइप जोडायचा, गळके नळ बंद करायचा, आणि रोपांच्या रांगेतून जायची वेळ आली की दोन्ही हात पाठीमागे बांधून जायचा. तशी अटच होती. "अहो, बाबांच्या जिवाला उगाच घोर नको," असं बायको म्हणायची आणि हसू येतंय हे दिसू नये म्हणून तोंड फिरवायची.

हसू त्यालाही यायचं. पण खरं सांगायचं तर लागायचंही. एवढ्या मोठ्या आवारात एक झाड असं नव्हतं, की ज्याच्याकडे बोट दाखवून त्यानं म्हणावं, हे माझ्या हातचं.

अशा माणसाला झाडांच्या कामावर कोण ठेवील? डॉक्टरबाईंनी ठेवलं.

या डॉक्टरबाई म्हणजे सुई टोचणाऱ्या नव्हेत, संशोधन करणाऱ्या. त्यांच्या संस्थेतला एक पंप बिघडला म्हणून करपा तिथे गेला. पंप कशासाठी लागतो, असं त्यानं सहज विचारलं. बाईंनी दाखवलं, आणि हा आ वासून बघतच राहिला.

काही मुलांच्या शरीरात एक प्रथिन जन्मापासूनच तयार होत नाही. ते नसलं की पोट फुगतं, हाडं ठणकतात, मूल खेळता खेळता मधेच बसून राहतं. ते प्रथिन बाहेरून द्यावं लागतं, आणि ते बनवायचं तर भलीमोठी पोलादी पिंपं आणि दिवसरात्र वीज. बाईंचं म्हणणं, पिंप कशाला, पान आहे की! तंबाखूच्या लांबच्या नात्यातलं एक लुसलुशीत झाड त्यांनी धरलं होतं. पाच आठवड्यांचं झालं की त्याला उलटं धरून जिवाणूंच्या गढूळ पाण्यात बुडवायचं. त्या जिवाणूंजवळ चिठ्ठी असते: हे प्रथिन असं असं बनव. टाकीवर झाकण लावायचं आणि पंपानं हवा ओढायची. पानांतली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते. मग झटक्यात हवा परत आत सोडली, की पान ते पाणी घटाघट पिऊन टाकतं. पुढचे सहा दिवस झाड आपला घरसंसार बाजूला ठेवून चिठ्ठीतलं काम करत बसतं, उन्हावर आणि पाण्यावर. सहाव्या दिवशी पानं तोडायची, वाटायची, रसातून औषध वेगळं काढायचं.

"आणि झाडाचं काय होतं?" करप्यानं विचारलं.

"आजारी पडतं. पानं लोंबतात, पिवळी पडतात. पडायलाच हवीत, मिस्त्री. झाड ठणठणीत राहिलं तर समजायचं, चिठ्ठी पोचलीच नाही."

करप्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी राहिलं. झाड आजारी पाडणारा माणूस हवा आहे, अशीही एक जागा या जगात होती!

आणि गंमत म्हणजे त्या कामात त्याच्यासारखा दुसरा कुणी निघाला नाही. बाई घड्याळ लावून दोन मिनिटांनी हवा सोडायच्या. कधी पान अर्धंच भिजायचं, कधी फाटायचं. करपा घड्याळाकडे बघायचाच नाही. टाकीच्या झाकणाला कान लावून उभा राहायचा. पंप आधी घोगरा बोलतो, मग पानांतली हवा संपत आली की त्याचा आवाज बारीक होतो, आणि एक क्षण असा येतो की तो जवळजवळ गप्प होतो. त्या क्षणी करपा चावी फिरवायचा, आणि सगळी पानं एकदम गडद होऊन ओल्या रुमालासारखी लोंबायची. चार महिन्यांत बाईंनी घड्याळ बाजूला ठेवलं.

बाई कुठलीही गोष्ट वाया जाऊ देणाऱ्या नव्हत्या. औषध काढून उरलेला पानांचा चोथा त्या उकळून गाळायच्या आणि त्या अर्कात चांदीचा क्षार टाकायच्या. बघता बघता फिकट अर्क काळ्या चहासारखा व्हायचा. क्षारातली चांदी पानातल्या द्रव्यांमुळे कणाकणानं सुटी व्हायची, आणि कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. त्यासाठी ना भट्टी लागायची, ना जहाल रसायन. हे चांदीपाणी जिवाणूंना मारायचं. त्यातली एक बाटली बाईंनी सासऱ्यांना भेट दिली. सासऱ्यांनी ती कुजत चाललेल्या मिरचीच्या रोपांवर फवारली, आठ दिवसांत रोपं तरारली, आणि तेव्हापासून सासरे बाईंचे भक्त झाले.

म्हणूनच तर बाईंना जागा मिळाली. तीनशे झाडांची मोठी खेप करायची होती, संस्थेत जागा पुरेना. सासऱ्यांनी मागचं काचघर दिलं. बाईंनी टाकी-पंप तिथे हलवला, कुलूप लावलं, एक किल्ली स्वतःकडे ठेवली, एक करप्याकडे दिली आणि नियम सांगितला: आत आपण दोघंच जायचं, तिसरं कुणी नाही. ही खेप साधली तर काम इथेच कायमचं राहणार होतं आणि टाकी करप्याच्या ताब्यात. नाही साधली तर संस्थेतली वरची मंडळी पोलादी पिंपं मागवायला टपलेलीच होती. करपा परत नळ दुरुस्त करायला.

सासऱ्यांना बाईंनी सगळं चित्र काढून समजावलं होतं. "झाडं आजारी पडतील, काका." "हो हो," काका म्हणाले होते. पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं.

बुडवायच्या दिवशी काय झालं, ते करप्याची बायको आजही सांगायला लागली की हसून हसून बेजार होते. तेव्हा मात्र ती हसली नव्हती. सासरे काचेशी येऊन उभे राहिले. आत बघतात तो काय, जावई एकेक कोवळं रोप उचलतोय, उलटं टांगतोय, डोक्यापर्यंत गढूळ पाण्यात बुडवतोय, वरून झाकण घालतोय आणि वर कान लावून शांतपणे ऐकतोय! बाहेर काढली तेव्हा तीनशेच्या तीनशे झाडांची पानं खाली लोंबत होती. सासऱ्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"जावईबापू!" ते दारातूनच कडाडले. "अकरा वर्षं मी तोंडातून शब्द काढला नाही. पण आता सांगतो. यातलं एक जरी झाड मेलं ना, तर आपण या आवारात पाऊल ठेवायचं नाही!"

"मामा, अहो ती मरायचीच—"

"एक जरी!" म्हणाले आणि ताडताड निघून गेले.

घरी बायकोनं सगळं ऐकलं आणि बापासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, हे गेले तर मीही जाईन," एवढंच बोलली आणि भांडी घासायला बसली. एवढी घासली, एवढी घासली, की मेहुणी म्हणाली, "ताई, आता पितळ संपेल."

आता सासऱ्यांची पंचाईत बघा. बोलून तर बसले. शब्द फिरवायचा नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा बाणा. झाडं मेली की जावयाला हाकलायचं, जावई गेला की लेक जाणार. मग यातून वाट एकच. झाडं मेली नाहीत म्हणजे झालं! आणि झाडं जगवायची म्हटलं तर सगळ्या पंचक्रोशीत त्यांच्याहून मोठा कोण होता?

दुसऱ्या दिवशी सुट्टी. दुपारी घर झोपलेलं. करप्याकडची काचघराची किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला.

याच्या पुढचं कुणी पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी करपा काचघरात शिरला आणि जागीच थबकला. पानांनी माना वर केल्या होत्या. मंगळवारी ती चक्क चमकायला लागली. कोपऱ्यातल्या दोन झाडांना तर नवी पालवी फुटली. इथे झाडं पिवळी पडायला हवीत, आणि या बया बाळसं धरतायत!

घरात मात्र आनंदीआनंद. मेहुणी काचेतून बघून आली आणि तिनं दोन्ही हात जोडले. "भावोजी, माझे शब्द मागे. तीनशे झाडं, आणि एकही मेलं नाही! आजपासून तुम्हाला करपा म्हणणार नाही." बायकोनं त्या दिवशी त्याच्या पानात दोनदा वाढलं आणि समोर बसून बघत राहिली. अकरा वर्षांत तिच्या तोंडावर असं तेज त्यानं पाहिलं नव्हतं. सासरे तर मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "जावईबापू, लाज राखलीत. हाताला गुण आला हो!"

करपा पानातला भात नुसता चिवडत बसला. आयुष्यात पहिल्यांदा शाबासकी मिळाली, ती अशा वेळी. ती खरी मानावी तर काम बुडालेलं, आणि खोटी म्हणावी तर बायकोचं तोंड उतरणार.

बुधवारी बाई आल्या. त्यांनी पानं बघितली आणि बॅग खाली ठेवायचीही विसरल्या. "मिस्त्री, ही इतकी छान का दिसतायत?" दहाबारा पानं वाटली, रस गाळला, त्यात तपासणीची पट्टी बुडवली. प्रथिन असेल तर पट्टीवर दुसरी रेघ उमटते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रेघ एकच. बाईंनी आणखी थोडी पानं पिशवीत भरून घेतली.

"पंप गळला असणार," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट. "हवा पुरती ओढली गेली नाही. मी तुमच्या कानावर भरवसा ठेवला, मिस्त्री. घड्याळावर ठेवायला हवा होता."

त्या गेल्या. करपा टाकीजवळ खाली बसला आणि त्यानं आयुष्यभर जे केलं तेच केलं: पंप खोलला. एकेक वॉशर, एकेक झडप, एकेक सांधा पुसून उजेडात धरला. पंप नव्या नवरीसारखा लखलखीत. गळती कुठेच नाही. मग दोष कुठे?

हातातला शेवटचा स्क्रू ठेवताना त्याचं लक्ष जमिनीवर गेलं. दोन रांगांमधल्या वाटेवर, फक्त डाव्या अंगाला, तपकिरी थेंबांची माळ पडली होती. सरळ, दारापासून शेवटच्या रांगेपर्यंत. अशी डावीकडे गळणारी वस्तू या आवारात एकच होती. सासऱ्यांचा पाठीवरचा फवारणी पंप! दोन वर्षांपूर्वी त्याचा वॉशर करप्यानंच बदलला होता, हवा तो मिळाला नाही म्हणून जरा मोठा घातला होता, आणि "गळतो थोडा डावीकडे, चालवून घ्या," असं वर सांगितलं होतं. त्यानं एक पान उलटं केलं. मागच्या बाजूला काळ्या चहाचे बारीक ठिपके. नाकाला लावलं. साबण! औषध पानाला चिकटून आत मुरावं म्हणून सासरे त्यात साबण घालायचे, ही त्यांची खास युक्ती.

करप्याला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग दोन्ही एकदम आलं. बाईंच्या पानांपासून झालेलं चांदीपाणी बाईंच्याच जिवाणूंवर! चिठ्ठी घेऊन आलेल्या टपालवाल्यांना दारातच लोळवलं होतं म्हाताऱ्यानं.

सासरे वांग्याची रोपं पिशव्यांत लावत बसले होते. करपा समोर उकिडवा बसला.

"मामा, रविवारी दुपारी झोप लागली का?"

"लागली की. का?"

"नाही, फवारणी पंपाला लागली नाही म्हणून विचारलं."

सासऱ्यांचा हात पिशवीतच राहिला. मग त्यांनी एकदम उसळी मारली. "मग काय करायचं होतं मी? मरू द्यायची? तीनशे लेकरं माना टाकून पडलेली! आणि मेली असती तर तुम्हाला हाकलावं लागलं असतं. मी शब्द दिला होता!"

"म्हणजे मला हाकलायला लागू नये म्हणून तुम्ही ती बरी केली?"

"नाहीतर काय हौस म्हणून? दोन वेळा फवारली, पानांच्या पाठीपोटाला! कंबर धरली माझी." मग आवाज उतरला. "लेक जाते म्हणाली. आणि आपणही... म्हणजे, मोटार कोण बघणार इथली?"

अकरा वर्षांत या माणसानं त्याला ठेवून घ्यावं म्हणून काही केल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. मग त्यानं हळूहळू सगळं सांगितलं. जिवाणू मेले. चिठ्ठी पोचली नाही. औषध झालंच नाही.

"म्हणजे मी ती बरी केली, ही चूक?"

"हो."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय." सासऱ्यांनी हातातली माती झटकली आणि उठू लागले. "चला. बाईंना सांगतो, मीच केलं."

"बसा! तिसरं माणूस आत गेलं, हे कळलं तर बाई आजच सामान हलवतील. मग सगळंच संपलं. मी बोलतो."

तो बोलला. "चूक माझ्याकडून झाली," एवढंच फोनवर बाईंना सांगितलं, पंप की कान की आणखी काही ते सांगितलं नाही. "पुढच्या खेपेसाठी वेगळी ठेवलेली बहात्तर झाडं आहेत. एकदा द्या. नाही जमलं तर मीच टाकी उचलून तुमच्या गाडीत ठेवीन." पलीकडून बाई म्हणाल्या, "एकदाच."

बहात्तर झाडं बुडाली. करप्यानं कान लावला, पंप गप्प व्हायच्या क्षणी चावी फिरवली, पानं लोंबली. दाराला कुलूप घातलं आणि तो किल्ली घेऊन थेट सासऱ्यांकडे गेला.

"ही घ्या, मामा. सहा दिवस तुमच्याकडे. कुणालाही द्यायची नाही. मी मागितली तरी नाही. मी बाहेरूनच बघेन, पाणी नळीनं आपोआप जातंय."

"माझ्याकडे?" सासरे दचकले. "जावईबापू, माझ्याकडे कशाला? मी... माझा काय भरवसा?"

"तेच तर बघायचंय," करपा म्हणाला आणि शीळ घालत निघून गेला. हलकट कुठला!

ते सहा दिवस सासऱ्यांनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना माहीत. किल्ली सुतळीत ओवून गळ्यात घातली. पहिल्या दिवशी काचघराभोवती सव्वीस फेऱ्या झाल्या, मेहुणीनं मोजल्या. दुसऱ्या दिवशी पानं पिवळी पडायला लागली, तसे ते खुर्ची टाकून काचेशी बसले. तिसऱ्या दिवशी लेकीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, बाबा कुलपात किल्ली घालून उभे होते. ती श्वास रोखून बघत राहिली. किल्ली फिरली नाही. बराच वेळ तसे उभे राहून त्यांनी ती बाहेर काढली, खुर्ची उलटी फिरवली आणि काचेकडे पाठ करून बसले. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "ती दुसऱ्या रांगेतली पाचवी आहे ना, ती कण्हते हो." कुणी हसलं नाही. पाचव्या दिवशी ते काचेला तोंड लावून कुणाशी तरी बोलताना करप्याला ऐकू आले. "अगं, थोडं सोस. तिकडे एक पोर आहे कुठेतरी, पोट फुगून बसलंय. एवढं कर त्याचं. मग मी सोडवतो तुला." करपा तिथून हळूच मागे फिरला. त्याची शीळ घालायची इच्छा गेली होती.

सहाव्या दिवशी बाई आल्या. झाडं बघवत नव्हती. पिवळी, डागाळलेली, सुरकुतलेली. बाईंचे डोळे मात्र लकाकले. पानं वाटली, रस गाळला, पट्टी बुडवली. सगळं घर दाराबाहेर दाटीवाटीनं उभं. एक रेघ आली. करप्यानं डोळे मिटले.

"मिस्त्री, डोळे उघडा," बाई म्हणाल्या.

दुसरी रेघ पहिलीपेक्षा गडद होती.

मेहुणीनं आरोळी ठोकली, बायकोनं सगळ्यांदेखत नवऱ्याचा हात धरला. आणि त्या गडबडीत सासरे पुढे झाले, गळ्यातली सुतळी काढून त्यांनी किल्ली बाईंसमोर धरली. "बाई, मागची खेप यांच्यामुळे नाही गेली. मी शिरलो होतो आत. मी फवारलं. काय ती शिक्षा मला करा."

"माहीत आहे मला, काका."

"आं?"

"त्या दिवशी नेलेल्या पानांत चांदी सापडली. झाडाला चांदी आपोआप येत नाही." बाई हसू दाबत होत्या. "मी मिस्त्रींना विनाकारण बोलले, तेही तेव्हाच कळलं. पण त्यांनी चूक स्वतःवर घेतली होती, म्हटलं बघू या, कोण आधी तोंड उघडतंय." त्यांनी किल्ली घेतली, जरा विचार केला आणि ती परत सासऱ्यांच्याच हातात ठेवली. "आता नियम बदलला. आत तिघं जाणार. रोपं पाच आठवड्यांची होईपर्यंत तुमची, नंतर मिस्त्रींची. पण चांदीपाण्याची बाटली मात्र परत द्या."

त्या संध्याकाळी उन्हं उतरताना सासऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली. पुढच्या दाराशी कुंडीत त्यांचा लाल गुलाब होता, स्वतः डोळा भरून कलम केलेला, कुणाला हात लावू न दिलेला. त्यांनी झारी भरली आणि जावयासमोर धरली.

"घाला," म्हणाले.

करप्यानं मागे बांधलेले हात सोडले. झारी त्यानं दोन्ही हातांनी घेतली. "मामा, मरेल हो."

"मरेल तर मरेल. आजपासून हा तुमचा."

आठ दिवस करप्यानं नुसतं पाणी घातलं. नवव्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही. मुळं कशी आहेत, ते एकदाच, अगदी एकदाच बघावं, म्हणून त्यानं माती उकरली. पंधरा दिवसांत गुलाबानं मान टाकली. करपा दिवसभर तोंड लपवत फिरला. आता सांगायचं कसं, या विचारानं त्याला जेवण गेलं नाही.

सकाळी उठून बघतो तर कुंडीत गुलाब टवटवीत! दोन कळ्या वर.

पण मिस्त्रीची नजर ती. आधीच्या गुलाबाची कलमाची गाठ भिंतीच्या बाजूला होती, ही रस्त्याच्या बाजूला. माती ओली, ताजी दाबलेली. आणि मागच्या रांगेत, जिथे काल सात लाल गुलाब होते, तिथे आज सहा.

सासरे ओसरीवर चहा पीत बसले होते. त्यांच्या नखांत माती होती.

"बघा, जावईबापू," ते कप खाली न ठेवता म्हणाले, "जगला की नाही तुमच्या हातानं?"

"जगला, मामा," करपा म्हणाला, आणि झारी भरायला नळाकडे वळला.

मागच्या रांगेत आता दोनच लाल गुलाब उरलेत.